मोप म्हणजे पुष्कळ नव्हे

या वेळच्या टपालात आलेले बरेच प्रश्न रुसण्या-फुगण्याच्या इंग्रजी शब्दांबद्दल आहेत, म्हणून ते एकत्र घेतले. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

प्रश्न : इंग्रजी कादंबरीत ‘मोप’ हे क्रियापद सारखे भेटते. शब्दकोशात फक्त ‘उदास होणे’ दिले आहे. आमच्याकडे मोप म्हणजे भरपूर, आणि विमानतळ झाल्यापासून जो तो ‘मोपाला जातो’ म्हणतो. यांचा आपसात काही संबंध आहे का? (विद्यार्थी, पेडणे)

काहीही नाही. ‘मोप माणसं जमली’ मधला मोप आपला, मोपा गावाचे नाव गावाचे, आणि इंग्रजी मोप तिसराच. तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत दिसतो. सुरुवातीला त्याचा अर्थ भान हरपल्यासारखे वावरणे असा होता. पुढच्या काही वर्षांतच त्यात उदासी आणि मरगळ आली आणि तीच टिकली. डच भाषेत ‘मोपन’ म्हणजे कुरकुरणे. तो याचा नातलग असावा असे मानतात.

शब्दकोशातले ‘उदास होणे’ चूक नाही, पण अपुरे आहे. उदासी मनात असते, मोप डोळ्यांना दिसतो. रविवारची सकाळ घ्या. मुलगा अकरा वाजले तरी अंघोळीला गेलेला नाही. फ्रीज उघडतो, आत बघतो, काही न घेता बंद करतो. बाहेर सोप्यावर जाऊन बसतो, दोन मिनिटांनी आत येऊन पलंगावर आडवा होतो. मोबाइल हातात आहे, पण बोट हलत नाही. काय झाले विचारले तर ‘काही नाही’. हे झाले मोपिंग. उदासी आहे, अंगात मरगळ आहे, स्वतःची थोडी कीव आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे निरर्थक वावर आहे. म्हणून या क्रियापदामागे ‘अराउंड’ किंवा ‘अबाउट’ हटकून येते : ‘ही इज मोपिंग अराउंड द हाउस.’ तोच मुलगा तितकाच दुःखी असून नारळ सोलत बसला असता तर त्याला कोणी मोपिंग म्हटले नसते.

मराठीत एकच शब्द हवा असेल तर ‘कुढणे’ जवळचा. वावरही दाखवायचा असेल तर ‘तोंड पाडून हिंडणे’. अमेरिकी पोलिसी कथा वाचत असाल तर सावध राहा : तिथे ‘अ मोप’ हे नाम येते आणि त्याचा अर्थ बिनकामाचा, संशयास्पद इसम असा होतो. त्याचे उदासीशी देणेघेणे नाही.

उच्चार पोप, सोप, होप यांच्या यमकात. स्पेलिंगच्या शेवटचा ई बोलला जात नाही, पण त्याच्यामुळेच ओ लांबतो. तो ई काढला की ‘मॉप’, म्हणजे लादी पुसायचा. ‘इंग’ लावताना एकच पी असेल तर मोपिंग, दोन असतील तर मॉपिंग. ‘शी वॉज मॉपिंग ऑल डे’ असे लिहून बसलात तर वाचणारा समजेल की बाई दिवसभर फरशी पुसत होती.

भूतकाळात आणखी एक गंमत आहे. मोपचे भूतकाळी रूप आणि लुनासारख्या पेडलच्या गाडीचे नाव, दोन्हींचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखे. क्रियापद एका दमात ‘मोप्ट’. गाडी दोन तुकड्यांत ‘मो-पेड’. गाडीचे नाव स्वीडिश भाषेत मोटर आणि पेडल यांची अर्धी अर्धी नावे जोडून बनले आहे. मोठ्याने वाचताना आधी वाक्यात कर्ता शोधा. माणूस कर्ता असेल आणि पुढे ‘अराउंड’ असेल तर मोप्ट.

प्रश्न : दहावीच्या मुलांनी ‘तो आईवर रुसला’ याचे भाषांतर ‘ही सल्क्ड ऑन हिज मदर’ असे केले, दोघांनी ‘मोप्ट ऑन’ लिहिले. गुण कसे द्यावेत? सल्क आणि मोप यांत फरक नेमका काय? (शिक्षिका, डिचोली)

आधी फरक, मग गुण.

सल्क करायला समोर कोणीतरी लागते. मोप करायला नाही लागत. एक साधी कसोटी आहे : घरातली बाकीची माणसे बाहेर पाठवून बघा. सल्क करणारा थोड्या वेळात उठून टीव्ही लावील, कारण बघणारेच गेले. मोप करणाऱ्याला ती गेल्याचे कळणारही नाही.

पावसाळ्यातले जेवण घ्या. 1 जून ते 31 जुलै, ट्रॉलरबंदीचे 61 दिवस. ताटात डाळ, भात आणि सुक्या सुंगटांची किसमूर. एक जण कोणावरही न रागावता भात चिवडतो आणि ‘आता ऑगस्टपर्यंत हेच’ असा चेहरा करून उठतो. हा मोप. दुसऱ्याला कळले आहे की सकाळी दारावर नदीतले शेवटे मासे विकायला आले होते आणि घरच्यांनी घेतले नाहीत. तो ‘भूक नाही’ म्हणतो, ताट सरकवतो, पेला ठेवताना आवाज जरा जास्तच करतो आणि मग हात धुवायला जाताना कोणी हाक मारतेय का याकडे कान ठेवतो. हा सल्क. त्याची तक्रार आहे, तक्रार कोणाविरुद्ध आहे हे ठरलेले आहे, पण ती तो तोंडाने सांगणार नाही. समोरच्याने ओळखावी अशी अपेक्षा आहे. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : फुरंगटणे. अलीकडे मुले हा शब्द वापरत नाहीत, हे नुकसान आहे. वर्गात तो मुद्दाम शिकवावा.

आता व्याकरण. सल्क आणि मोप ही दोन्ही अकर्मक. मराठीत ज्याच्यावर रुसतो त्याला ‘वर’ लागतो, म्हणून मुले ‘ऑन’ लावतात. इंग्रजीत या क्रियापदांमागे ‘ओव्हर’ किंवा ‘अबाउट’ येते आणि त्यापुढे सहसा माणूस येत नाही, कारण येते : ‘ही इज सल्किंग ओव्हर द फिश.’ माणूस आणायचाच असेल तर वाक्य फिरवावे लागते. ‘ही इज इन अ हफ विथ हिज मदर’ चालेल. यात ‘विथ’ माणसाला धरतो. अबोला धरला असेल तर सरळ ‘ही इज नॉट स्पीकिंग टु हिज मदर’. नाम म्हणूनही सल्क फार वापरतात : ‘इन अ सल्क’ म्हणजे रुसव्यात, ‘गो इन्टू अ सल्क’ म्हणजे रुसून बसणे.

काळही बघा. ‘ही इज सल्किंग’ म्हणजे आत्ता रुसला आहे. ‘ही सल्क्स’ म्हणजे रुसणे हा त्याचा स्वभावच. मराठीत ‘तो रुसतो’ आणि ‘तो रुसलाय’ यांत जेवढे अंतर आहे तेवढेच इथे आहे, पण मुले घाईत साधा वर्तमानकाळ लिहितात आणि एका दिवसाच्या रुसव्याचा जन्माचा दोष होतो.

गुणांचे म्हणाल तर ‘सल्क्ड ऑन’ला क्रियापदाचा पूर्ण गुण द्या, शब्दयोगीचा कापा. ‘मोप्ट ऑन’ला दोन्हीकडे कापा, तिथे अर्थच निसटला आहे. उच्चार हल्क, बल्क यांच्या यमकात, सल्क. ‘सुल्क’ नव्हे, तसे म्हटले की ऐकणाऱ्याला परीक्षा शुल्क आठवते.

आजूबाजूचे शब्दही एकदा लावून ठेवा. हिरमुसणे म्हणजे ‘क्रेस्टफॉलन’ होणे. त्या इंग्रजी शब्दात कोंबड्याचा तुरा पडलेला आहे. झुरणे म्हणजे ‘पाइन’, आणि त्यासाठी दूर गेलेले कोणीतरी हवे. धुसफुसणे सल्क नाही, कारण त्याला आवाज असतो, ते ‘फ्यूम’. ‘पाउट’ फक्त ओठांचे काम आहे, आणि सेल्फीतल्या पाउटमध्ये तर रुसवा शिल्लकच नाही.

जाता जाता : इंग्रजीत आधी ‘सल्की’ हे विशेषण आले, अठराव्या शतकाच्या मध्याला, त्याची शेपटी तोडून सल्क हे क्रियापद नंतर केले गेले. त्याच काळात एका दोनचाकी घोडागाडीचेही नाव सल्की पडले, कारण तिच्यात एकच माणूस बसू शकतो. शेजारी कोणी नको असलेल्या माणसाची गाडी. आपला मोटारसायकल टॅक्सीवाला पायलट निदान मागे एकाला तरी घेतो.

प्रश्न : देवळासाठी इंग्रजी माहितीपत्रक तयार करतो आहे. ‘रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली’ हे वाक्य एकाने ‘रुक्मिणी वॉज सल्किंग’ असे केले. खटकते, पण का ते सांगता येत नाही. (वाचक, साखळी)

खटकते ते बरोबरच आहे. विठ्ठलापूरच्या देवळात पायांना हात लावणाऱ्या माणसाला हे वाक्य खटकलेच पाहिजे.

इंग्रजी सल्कमध्ये न्याय नसतो. हा शब्द वापरणारा आधीच ठरवून बसलेला असतो की रुसणाऱ्याचे कारण फालतू आहे आणि वागणे पोरकट आहे. मोठ्या माणसाला सल्किंग म्हणणे म्हणजे त्याला लहान मूल म्हणणे. मराठी रुसण्यात तसा निकाल दिलेला नसतो. उलट रुसणाऱ्याचा हक्क मान्य असतो. परक्यावर कोणी रुसत नाही. आपण त्याच्यावर रागावतो, चिडतो, फार तर भांडतो. रुसायला आपले माणूस लागते आणि त्याने समजूत काढायला यावे हे गृहीत असते. आमच्याकडे लग्नात जावयाचे रुसणे आणि करवल्यांचे रुसणे सगळे मांडव भरून बघतात, काहींच्या मते ते नसेल तर लग्न झाल्यासारखे वाटत नाही.

आता कथा बघा. द्वारकेत राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी दुखावली आणि काही न बोलता निघून दिंडीरवनात येऊन बसली. कृष्ण तिला शोधत आला, आणि त्या शोधाच्या वाटेवरच पुंडलिकाची वीट आहे. तिचा रुसवा नसता तर देव पंढरपूरला आलाच नसता. पंढरपुरात रुक्मिणीचे मंदिर आजही विठ्ठलापासून वेगळे आहे, त्याचेही कारण लोक हाच रुसवा सांगतात. ज्या रुसव्यावर एवढे क्षेत्र उभे आहे त्याला सल्क म्हणणे फार हलके होते.

रुसणे संस्कृत ‘रुष्’ धातूतून प्राकृतमार्गे आले आहे. म्हणजे मुळात राग. पण प्रेमातल्या या रागाला संस्कृत साहित्यशास्त्राने वेगळे नाव दिले, ‘मान’, आणि तो धरणारी ती मानिनी. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी खंडिता आणि कलहांतरिता या दोघी याच प्रदेशातल्या : एक प्रियकराच्या अपराधाने दुखावलेली, दुसरी भांडून त्याला दूर केल्यावर हळहळणारी. बंगालीत याच भावनेला ‘अभिमान’ म्हणतात. आपण तो शब्द गर्वासाठी खर्च करून टाकला. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही, म्हणून दोन-तीन शब्द खर्च करावे लागतील.

माहितीपत्रकात असे लिहा : ‘हर्ट, रुक्मिणी लेफ्ट द्वारका विदाउट अ वर्ड.’ दुखावणे आले, अबोला आला, निकाल आला नाही. ‘अँग्री’ टाळा. राग बोलतो; रुसवा बोलत नाही, तिथेच सगळे आहे. पुढच्या वाक्यात कृष्ण समजूत काढायला आला हे सांगताना ‘टु विन हर बॅक’ पुरेल. घरगुती प्रसंगात समजूत काढणे म्हणजे ‘कोक्स’ किंवा ‘विन राउंड’. जावई रुसला तर ‘टुक ऑफेन्स’.

उलट दिशेने भाषांतर करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. इंग्रजी कथेत मंत्री किंवा सेनापती सल्क करत असेल तर ‘रुसला’ लिहू नका, त्याच्याबद्दल उगाच माया वाटू लागते. तिथे ‘फुरंगटून बसला’ किंवा ‘गाल फुगवून बसला’ हवे, म्हणजे लेखकाची टवाळी पोचते.

प्रश्न : घरातली पोर्तुगीज शिकलेली वडीलधारी माणसे रुसलेल्या पोराला ‘आमुआदु’ म्हणत. याचा अर्थ काय? इतर युरोपीय भाषांत रुसण्याला शब्द आहेत का? (वाचक, मडगाव)

‘आमुआर’ म्हणजे रुसून बसणे, ‘आमुआदु’ म्हणजे रुसलेला. मुलगी असेल तर ‘आमुआदा’. शब्दाच्या पोटात ‘मू’, म्हणजे खेचर आहे. रुसलेला माणूस खेचरासारखा पाय रोवून उभा राहतो, ढकलले तरी हलत नाही. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर ‘एंबुरार’ आहे, त्यात गाढव. कोंकणी रुसप-फुगप आणि मराठी रुसणे-फुगणे यांत मात्र जनावर नाही; आपण गालांवर भागवले.

फ्रेंचमध्ये ‘बूदे’ म्हणजे रुसणे, ओठ काढून बसणे. त्यावरून ‘बूद्वार’, म्हणजे शब्दशः रुसून बसायची खोली. घरच्या बाईची खाजगी खोली या अर्थाने हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत आला आणि आता फर्निचरच्या जाहिरातींत दिसतो. आपल्याकडे ती खोली फार आधीपासून आहे. वाल्मीकी रामायणात कैकेयी जाऊन पडते ते क्रोधागार, लोकांच्या तोंडचे कोपभवन. फरक एवढाच की कैकेयी तिथून दोन वर वसूल करून उठली. तिला सल्किंग म्हणायचे की नाही यावर वाद होऊ शकतो; दागिने फेकून जमिनीवर पडणे आणि नवऱ्याने विचारेपर्यंत न बोलणे ही सगळी लक्षणे सल्कची आहेत. तिच्याबाबतीत आम्हाला हा शब्द खुशाल चालेल.

प्रश्न : हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करतो. पाहुणे मुलाकडे बोट दाखवून हसत ‘ही इज हॅविंग अ सल्क’ म्हणतात. उत्तर काय द्यावे? (वाचक, कळंगुट)

आईबापांनी आपल्या मुलाला म्हटले तर ती थट्टा आहे, हसून सोडा. ‘ओ डिअर’ पुरते. आपण होऊन ‘व्हाय इज युअर सन सल्किंग?’ असे कधी विचारू नका. तोच शब्द परक्याच्या तोंडून आला की टीका होते. विचारायचेच असेल तर ‘इज एव्हरीथिंग ऑल राइट?’ नवरा-बायकोंपैकी एकाने दुसऱ्याबद्दल म्हटले तर ऐकलेच नाही असे करून खोलीची चावी द्या.

प्रश्न : वर्गातली एक मुलगी महिनाभर गप्प, कोपऱ्यात बसलेली असते. इंग्रजी प्रगतिपुस्तकात ‘शी मोप्स अराउंड’ लिहावे का? (शिक्षक, फोंडा)

लिहू नका. ‘मोप’मध्ये ‘उठ आणि कामाला लाग’ अशी धमकावणी दडलेली असते, आणि साध्या वर्तमानकाळाने तो स्वभाव ठरतो. दिसते तेवढेच लिहा : ‘शी हॅज बीन व्हेरी क्वाएट अँड विदड्रॉन धिस मंथ.’ यात काळाची मर्यादा आहे आणि दोष नाही. महिना म्हणता म्हणून शब्दांपलीकडचेही सांगतो. उदासी, कशातच रस नसणे, झोप किंवा भूक बिघडणे हे रोजच्या रोज दोन आठवड्यांवर चालले तर तो मूडचा प्रश्न राहत नाही. प्रगतिपुस्तकाची वाट न बघता पालकांना बोलवा. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आणि टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर कधीही फोन करता येतो.

प्रश्न : ‘डाउन इन द डंप्स’ म्हणजे कचऱ्याच्या ढिगात का? आणि ‘ब्रूड’ कोंबडीला म्हणतात की माणसाला? (वाचक, वाळपई)

या डंप्सचा कचऱ्याशी संबंध नाही. डच भाषेत धुक्याला, वाफेला ‘डोम्प’ म्हणत, त्यातून हा आला असावा. मनावर मळभ येणे. ‘ग्लूमी’ही असाच अंधाराचा शब्द, म्हणून जुलैतल्या आभाळाला ग्लूमी म्हणता येते. मोपी मात्र आभाळाला म्हणता येत नाही, त्याला माणूसच हवा.

ब्रूड दोघांनाही लागतो, पण मूळ कोंबडीचे. खुडूक झालेली कोंबडी बघितली असेल. अंड्यांवर 21 दिवस चिकटून बसते, दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती उठते, कोणी जवळ गेले की पिसे फुगवते आणि हात घातला तर टोचते. माणूस ब्रूड करतो तेव्हा अंड्याच्या जागी विचार असतो. एकच गोष्ट पोटाखाली धरून तो तिला ऊब देत राहतो. मोप आणि ब्रूड यांतला फरक इथेच आहे : मोप करणाऱ्याचे डोके रिकामे असते, ब्रूड करणाऱ्याचे भरलेले. त्यामागे ‘ओव्हर’ किंवा ‘ऑन’ लागते : ‘ही इज ब्रूडिंग ओव्हर द इन्सल्ट’, म्हणजे अपमान उगाळत बसला आहे.

विशेषणाला जपा. विचारात बुडालेल्या बाईला ‘ब्रूडिंग’ म्हणा, ‘ब्रूडी’ म्हणू नका. ब्रिटनमध्ये ‘शी इज ब्रूडी’ म्हणजे तिला मूल हवेसे वाटू लागले आहे.